तुरुंगातलं जगज्जेतेपद आणि मुंबईचा जमशेटजी

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास असतो : वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारा पहिला भारतीय कोण? उत्तर ठरलेलं आहे : विल्सन जोन्स. पुण्यात जन्मलेल्या या बिलियर्ड्सपटूने १९५८ मध्ये कोलकात्याला हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा जिंकली. स्वतंत्र भारताच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे. कुस्तीचे दर्दी मात्र इथे हरकत घेतात. १९१० मध्ये लंडनला झिबिस्को दुसऱ्या लढतीसाठी आखाड्यात आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला, तेव्हा तोच पहिला, असं त्यांचं म्हणणं असतं.

या दोघांच्याही आधीचं एक नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. १९०३ ते १९११ अशी आठ वर्षं एका खेळाचं जगज्जेतेपद मुंबईच्या एका पारशी माणसाकडे होतं. विल्सन जोन्सच्या विजयाआधी पंचावन्न वर्षं. खेळाचं नाव रॅकेट्स आणि माणसाचं नाव जमशेटजी. इंग्रजी यादीत त्याची नोंद ‘जे. जमशेटजी, भारत’ एवढीच सापडते. त्या यादीत त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर दुसरा भारतीय नाही.

हे नाव आपल्या आठवणीतून का निसटलं, हे शोधायचं तर आधी तो खेळ समजून घ्यावा लागतो. त्याहीपेक्षा, त्या खेळातलं ‘जगज्जेतेपद’ ही काय चीज होती ते पाहावं लागतं. कारण ते कुठल्या मैदानात जन्मलेलं नव्हतं. कर्ज न फेडल्यामुळे तुरुंगात पडलेल्या माणसांनी ते जन्माला घातलं होतं.

भिंतीशी खेळायचा खेळ

स्क्वॉश पाहिलेल्या वाचकाला रॅकेट्स समजायला वेळ लागणार नाही. हा स्क्वॉशचा बाप. चारही बाजूंनी भिंती, समोरच्या भिंतीवर चेंडू मारायचा, तो परत आला की प्रतिस्पर्ध्याने एक टप्पा पडायच्या आत किंवा एका टप्प्यावर पुन्हा भिंतीवर धाडायचा. समोरच्या भिंतीच्या तळाशी लाकडी फळी असते. चेंडू तिला लागला की ‘ठक्’ असा आवाज येतो आणि चूक आपोआप जाहीर होते.

फरक आहे तो आकारात आणि वेगात. बॅडमिंटनचं कोर्ट ४४ बाय २० फुटांचं, स्क्वॉशचं ३२ बाय २१ फुटांचं. रॅकेट्सचं ६० बाय ३० फुटांचं. समोरची भिंत ३० फूट उंच. फरशी आणि भिंती गुळगुळीत, टणक. चेंडू छोटा आणि दगडासारखा कठीण. पूर्वी तो चिंध्या घट्ट गुंडाळून, दोऱ्याने आवळून, वर कातडं शिवून बनवत. अशा चेंडूचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातो. खेळताना चुकून अंगावर बसला तर हाड मोडू शकतं, डोळा जाऊ शकतो. म्हणून समोरचा खेळाडू आडवा आला तर फटका न मारता थांबायचं, हा या खेळाचा शिष्टाचारही आहे आणि गरजही.

गुणांची पद्धत जुन्या बॅडमिंटनपटूंना ओळखीची वाटेल. डाव १५ गुणांचा. सर्व्हिस ज्याच्याकडे त्यालाच गुण. १३-१३ अशी बरोबरी झाली की डाव वाढवायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क. २००६ मध्ये २१ गुणांची पद्धत येईपर्यंत आपल्याकडच्या शटलकोर्टांवर हेच चालत होतं. बॅडमिंटनने हा हिशेब रॅकेट्सकडूनच उचललेला आहे.

धरणं आणि तुरुंग

पेशवाईत सावकाराचं देणं थकलं तर सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात धरणं धरून बसे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये सावकाराला इतके कष्ट पडत नसत. तो कोर्टातून हुकूम आणून ऋणकोलाच तुरुंगात टाके. गुन्हा कसलाच नाही, शिक्षेची मुदतही नाही. देणं फिटेपर्यंत किंवा सावकाराला दया येईपर्यंत आत राहायचं. आत राहून पैसे कमवायची सोय नाही, त्यामुळे देणंही फिटत नाही. अशा चक्रात माणसं वर्षानुवर्षं अडकत.

लंडनमधले फ्लीट आणि किंग्ज बेंच हे त्यासाठीचे दोन मोठे तुरुंग. चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ मध्ये मार्शलसी या तिसऱ्या तुरुंगात कर्जापायीच गेले होते. पुढे ‘पिकविक पेपर्स’ लिहिताना डिकन्सने आपल्या नायकाला फ्लीटमध्ये धाडलं आणि तिथल्या अंगणात चालणारा रॅकेट्सचा खेळही कादंबरीत आणला. त्याआधी १८०८ च्या सुमारास अ‍ॅकरमन या प्रकाशकाने लंडनच्या चित्रांचा एक प्रसिद्ध संच काढला होता. त्यातलं फ्लीटचं चित्र पाहिलं तर तो तुरुंग वाटतच नाही. उंच भिंत, तिच्यासमोर रॅकेट घेतलेले खेळाडू, बाजूला गप्पा छाटत उभी असलेली माणसं. जत्रेचा भास होतो.

या कैद्यांत दिवाळं निघालेले व्यापारी होते, तसे जुगारात किंवा चैनीत पैसा उडवलेले बड्या घरचे तरुणही होते. त्यांच्यापैकी काहींना टेनिस ठाऊक होतं. टेनिस म्हणजे आजचं हिरवळीवरचं टेनिस नव्हे. ते तेव्हा जन्मलंच नव्हतं. हे राजवाड्यातलं बंदिस्त टेनिस, ज्याला आज ‘रिअल टेनिस’ म्हणतात. त्याला खास बांधलेलं कोर्ट लागे, उतरत्या छपराच्या पडव्या लागत, मध्ये जाळी लागे. तुरुंगात यातलं काहीच नव्हतं. होती फक्त भिंत, आणि वेळ. तेवढ्या भांडवलावर रॅकेट्स उभा राहिला. राजाच्या खेळातली रॅकेट घेतली, बाकी सगळं सोडून दिलं.

‘जग’ म्हणजे किती?

१८२० मध्ये रॉबर्ट मॅके नावाच्या फ्लीटमधल्या एका ऋणकोने आपण रॅकेट्सचा जगज्जेता असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी कुठली स्पर्धा झाली नव्हती. कुठली संस्था नव्हती. आपल्यापेक्षा सरस कोणी असेल तर त्याने यावं आणि हरवून दाखवावं, एवढाच त्या दाव्याचा अर्थ. ज्याला तुरुंगाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, तो माणूस स्वतःला जगातला सर्वश्रेष्ठ म्हणवत होता. रॅकेट्सच्या जगज्जेत्यांच्या यादीतलं पहिलं नाव आजही त्याचंच आहे.

याला हसण्याआधी आपल्या आखाड्यांची आठवण काढावी. जत्रेत एखादा पैलवान लंगोट कसून, शड्डू ठोकून उभा राहतो. समोर कोणी आलं नाही तर मान त्याचा. आव्हानाची ही रीत जगभर जुनी आहे. रिअल टेनिसमध्येही तीच होती. त्या खेळाचं जगज्जेतेपद १७४० च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लेर्जे याच्यापासून मोजतात, आणि सलग चालत आलेलं जगातलं सर्वांत जुनं जगज्जेतेपद म्हणून त्याचा उल्लेख होतो. तिथेही विजेता आपल्या गादीवर बसून असे. आव्हान देणाऱ्याने यायचं, अटी ठरायच्या, पैज लागायची, आणि दोघांतच निकाल.

आजच्या स्पर्धांमध्ये विजेत्यालाही पहिल्या फेरीपासून सुरुवात करावी लागते. आव्हानाच्या रीतीत तसं नसतं. त्यामुळे तिचे गुण आणि दोष दोन्ही ठळक आहेत. गुण असा की, निकाल पूर्ण आणि निर्विवाद लागतो. ड्रॉ सोपा होता, कोणीतरी जखमी झालं, असल्या सबबी उरत नाहीत. दोष असा की, आव्हान देण्यासाठी नुसतं कौशल्य पुरत नाही. प्रवासखर्च लागतो, पैजेची रक्कम लागते, पाठीशी उभे राहणारे श्रीमंत लोक लागतात. आव्हान आलंच नाही तर गादी न खेळताही टिकते. १८४० मध्ये जॉन लॅम्बनंतर रॅकेट्सची गादी १८४६ पर्यंत चक्क रिकामी होती. मग ब्रिस्टलच्या मिचेलने ती घेतली आणि १८६० पर्यंत ठेवली.

रॅकेट्सने ही रीत अजून सोडलेली नाही. आजही विजेत्याला आव्हान दिलं जातं, ते पात्र आहे की नाही हे संस्था ठरवतात, आणि मग अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना सात-सात डावांच्या लढती होतात. सात-सात अशी बरोबरी झाली तर एकूण गुण मोजतात.

गुत्त्यातून शाळेत

तुरुंगातून सुटलेल्यांनी खेळ बाहेर आणला. लंडनच्या दारूच्या गुत्त्यांमागे उघडी कोर्टं झाली. पेंटनव्हिलमधलं बेल्व्हेडिअर हे त्यांतलं नावाजलेलं. तिथे पैजा लागत, गर्दी जमे. मॅकेनंतरचे विजेते याच वातावरणातले.

त्याच काळात हॅरोच्या शाळेतली मुलं अंगणातल्या भिंतींवर हा खेळ खेळू लागली. इंग्लंडात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सार्वजनिक शाळा नव्हे. उमरावांच्या आणि धनिकांच्या मुलांची खाजगी निवासी शाळा. या शाळांनी खेळावर छप्पर घातलं. लंडनला १८५३ मध्ये प्रिन्सेस क्लब निघाला, आणि १८६८ मध्ये तिथे शाळाशाळांची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. फ्लीटचा तुरुंग १८४२ मध्ये बंद होऊन पुढे पाडला गेला होता; १८६९ च्या कायद्याने कर्जासाठी तुरुंगात टाकण्याची प्रथाही बहुतांशी संपली. म्हणजे ज्या सुमारास हा खेळ खानदानी झाला, त्याच सुमारास त्याचं जन्मस्थान जमीनदोस्त झालं होतं. कुळाची अडचणीची गोष्ट विसरायला यापेक्षा सोयीचं काय असणार?

कोर्ट रिकामं होण्याची वाट पाहणारी हॅरोची मुलं बाहेरच्या लहान जागेत मऊ, दाबला जाणारा चेंडू घेऊन खेळत. त्यातून स्क्वॉश निघाला. लेकराने पुढे जग जिंकलं. बाप मोजक्या शाळांत आणि क्लबांत राहिला.

१८६२ मध्ये हॅरोत शिकलेल्या विल्यम हार्ट डाइकने फ्रान्सिस अर्वुडला हरवलं. हा पहिला हौशी जगज्जेता. पुढे तो पार्लमेंटात गेला. पण त्याच्यानंतर गादी पुन्हा व्यावसायिकांकडे आली, आणि आली ती एका घराण्यात. केंब्रिजचे ग्रे बंधू. हेन्री ग्रे, मग विल्यम, पुढे जोसेफ. यांपैकी हेन्रीने १८५५ मध्ये रॅकेटी बनवण्याचा धंदा सुरू केला होता. त्या धंद्याचं नाव मराठी घराघरात पोचलेलं आहे, फक्त वेगळ्या रूपात : क्रिकेटच्या बॅटवरचं ‘ग्रे-निकल्स’ हे नाव. त्यातले ‘ग्रे’ ते हेच.

जोसेफ ग्रेला १८८७ मध्ये मँचेस्टरच्या पीटर लॅथमने हरवलं. लॅथम हा या दोन जुन्या खेळांतला सर्वांत मोठा माणूस. १८९५ मध्ये त्याने रिअल टेनिसचंही जगज्जेतेपद घेतलं. राजवाड्यातला खेळ आणि तुरुंगातला खेळ, दोन्हींच्या गाद्या एकाच वेळी सांभाळणारा तो एकटाच. १९०२ मध्ये त्याने रॅकेट्सचं पद स्वतः होऊन सोडलं. गादी रिकामी झाली. तिथे जमशेटजी येतो.

मार्कर

ब्रिटिश लष्कर जिथे गेलं तिथे रॅकेट्स गेला. हिंदुस्थानातल्या छावण्यांत कोर्टं बांधली गेली. पाठोपाठ साहेबी जिमखाने आले. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा. तिथे युरोपियनांखेरीज कोणालाही सभासद होता येत नव्हतं. हिंदी माणूस तिथे असे तो कामावर. बुटलर, माळी, चेंडू गोळा करणारा पोऱ्या, आणि मार्कर.

‘मार्कर’ हा शब्द आजही आपल्या जिमखान्यांत जिवंत आहे. मूळ अर्थ गुण मांडणारा. पण त्याचं काम तेवढंच नसे. कोर्टाची देखभाल करायची, चेंडू शिवायचे, रॅकेटींना तात भरायची, साहेबाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं, त्याला शिकवायचं, आणि शिकवताना त्याला फारसं हरू द्यायचं नाही. क्लबातला सर्वांत चांगला खेळाडू अनेकदा मार्करच असे, आणि क्लबाचा सभासद होण्याचा हक्क नसलेलाही तोच.

इंग्लंडातही व्यावसायिक आणि हौशी यांच्यामध्ये अशीच भिंत होती. क्रिकेटच्या गुणपत्रिकेत ‘जंटलमन’च्या नावाआधी आद्याक्षरं येत, ‘प्लेअर’चं नुसतं आडनाव. मुंबईत या वर्गभेदावर वंशभेदाचा दुसरा थर होता.

हिंदी व्यावसायिकांच्या या दुनियेतून जमशेटजी वर आला. १९०३ मध्ये त्याने इंग्रज व्यावसायिक गिल्बर्ट ब्राउनला हरवलं आणि लॅथमने सोडलेली गादी मिळवली. त्या वेळी भारतीय क्रिकेट संघाने इंग्लंडला पाऊलही लावलेलं नव्हतं. १८८६ आणि १८८८ मध्ये पारशी क्रिकेटपटू इंग्लंडचे दौरे करून आले होते, ते आपल्या समाजाच्या हौसेने आणि खर्चाने. रणजितसिंहजी खेळत होते ते इंग्लंडकडून. अशा काळात, एका पक्क्या इंग्रजी खेळाच्या विजेत्यांच्या यादीत देशाच्या रकान्यात ‘भारत’ हा शब्द लागला.

आता आव्हानाच्या रीतीचा गुण-दोष पुन्हा आठवावा. जुन्या रीतीने विजेत्याला शोधत आव्हानवीराने यायचं. विजेता मुंबईचा असेल तर अंतर सात समुद्रांचं. जमशेटजीकडे ती गादी १९११ पर्यंत राहिली. त्याच्या श्रेष्ठतेला उणेपणा आणायचा असेल तर कोणी म्हणेल की, एवढ्या लांब आव्हान द्यायला येणार कोण? पण हाच तर्क त्या यादीतल्या प्रत्येकाला लागू होतो. मॅकेला तर तुरुंगाच्या आतच हरवावं लागलं असतं. नियम सगळ्यांना सारखा होता, आणि जमशेटजीने तो पाळून पद मिळवलं होतं.

१९०८ : जगज्जेत्याविना ऑलिंपिक

जमशेटजी जगज्जेता असतानाच १९०८ मध्ये लंडनला ऑलिंपिक झालं. त्यात रॅकेट्सचा समावेश होता. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो तेव्हाच, आणि पुन्हा कधी आला नाही. पण ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं. खेळावर पोट भरणाऱ्याला तिथे मज्जाव. त्यामुळे जगज्जेता बाहेर.

आत काय झालं? एकेरीत उतरलेले सगळे खेळाडू ब्रिटिश होते. दुसऱ्या कुठल्या देशाचा एकही नाही. अंतिम सामना तर झालाच नाही. हेन्री लीफच्या हाताला इजा झाल्याने त्याने माघार घेतली आणि इव्हान नोएलला न खेळता सुवर्णपदक मिळालं.

या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका बाजूला एकाच देशाच्या खेळाडूंत झालेली, अंतिम सामनाही न झालेली स्पर्धा. दुसऱ्या बाजूला समोरासमोरच्या लढतीत मिळवलेलं आणि आठ वर्षं टिकलेलं पद. पण पदक मिळालं की नाव ऑलिंपिकच्या पोथीत जातं, आणि ती पोथी जगभर वाचली जाते. नोएलचं नाव आज कोणालाही सहज सापडतं. जमशेटजीचं शोधावं लागतं.

१९११ आणि त्यानंतरचं जहाज

१९११ मध्ये चार्ल्स विल्यम्स या तरुण इंग्रज व्यावसायिकाने जमशेटजीला हरवलं. हॅरो शाळेत तो रॅकेट्स शिकवत असे. म्हणजे पद मुंबईहून गेलं ते एका मार्करच्याच भाईबंदाकडे, साहेबाकडे नव्हे.

त्याच वर्षी पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण पाळवणकर बाळूने शंभराहून जास्त बळी घेतले. बाळूचं शिक्षण पुण्याच्या साहेबी जिमखान्यात झालं होतं. खेळपट्टीची निगा राखायची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची, ही त्याची नोकरी. बॅट मात्र हातात मिळत नसे. जातीने तो चांभार, जमशेटजी पारशी. दोघांच्या सामाजिक स्थितीत जमीन-अस्मानाचा फरक. तरी एक धागा सारखा आहे : ज्यांच्या घामावर साहेबांचा सराव होई, अशा माणसांतून दोघे पुढे आले. बाळूला शंभर वर्षांनी का होईना, चरित्रकार भेटले. जमशेटजीच्या वाट्याला यादीतली एक ओळ आली.

विल्यम्सची पुढची हकिकत मात्र इंग्रजी पुस्तकांत वारंवार येते, आणि त्याचं कारण रॅकेट्स नाही. एप्रिल १९१२ मध्ये तो न्यूयॉर्कला जॉर्ज स्टँडिंगशी जगज्जेतेपदाची लढत खेळायला निघाला. साउदम्प्टनहून दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढून तो ज्या जहाजात बसला, त्याचं नाव टायटॅनिक. १४ आणि १५ एप्रिलच्या मधल्या रात्री जहाज बुडालं. विल्यम्स होडीतून वाचला. जहाजावरचे नॉरिस विल्यम्स आणि कार्ल बेहर हे दोन टेनिसपटूही वाचले, त्यामुळे दोन विल्यम्सांची पुष्कळदा गल्लत होते. लढत अर्थातच पुढे गेली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेतल्या जॉक सूटारने विल्यम्सकडून पद घेतलं. विल्यम्सने ते १९२९ मध्ये परत मिळवलं आणि १९३५ मध्ये मरेपर्यंत ठेवलं.

बापाची कोर्टं, लेकाचा खेळ

दोन महायुद्धांनी रॅकेट्सचं कंबरडं मोडलं. स्क्वॉशच्या कोर्टाला जागा खूप कमी लागते. चेंडू स्वस्त, रॅकेट लवकर तुटत नाही. अनेक जुनी कोर्टं विभागली गेली किंवा बंद पडली. १९३७ मध्ये डेव्हिड मिलफर्ड हा शाळामास्तर जगज्जेता झाला. १९५४ ते १९७२ अशी अठरा वर्षं जेफ्री अ‍ॅटकिन्सकडे गादी राहिली. हे हौशी होते. व्यावसायिकांची सद्दी ओसरत गेली. आज हा खेळ ब्रिटनच्या काही शाळा-क्लबांत आणि उत्तर अमेरिकेतल्या बोटांवर मोजण्याइतक्या कोर्टांवर उरला आहे.

भारतात रॅकेट्स संपला, पण मार्करची परंपरा संपली नाही. ती स्क्वॉशमध्ये उतरली. पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावचा हाशिम खान ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू गोळा करता करता खेळ शिकला. १९४४ मध्ये अखिल भारतीय अजिंक्यपद त्याने जिंकलं ते मुंबईत. फाळणीनंतर तो पाकिस्तानचा झाला. त्याचा नातलग अब्दुल बारी मुंबईत राहिला आणि १९५० मध्ये ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. तेव्हा हीच स्पर्धा स्क्वॉशचं जागतिक अजिंक्यपद मानली जाई. १९५१ मध्ये हाशिमने ती जिंकली, आणि पुढे एकूण सात वेळा. पाकिस्तानच्या स्क्वॉश घराण्यांची ही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. पण उपखंडातल्या क्लबाच्या नोकरवर्गातून जगज्जेता होण्याची सुरुवात हाशिमपासून नव्हे, त्याच्याआधी जवळजवळ अर्धं शतक जमशेटजीपासून होते.

विसरण्याची कारणं

मग तो विसरला का गेला? एक कारण उघड आहे : खेळच मावळला. ज्या खेळाचं कोर्ट गावात नाही, त्याचा विजेता गावाला कसा आठवणार? दुसरं असं की, आठवण ठेवायला संस्था लागते. क्रिकेटला मंडळ होतं, तालमींना वस्ताद आणि शिष्य होते, ऑलिंपिकला समिती होती. मार्करला क्लब होता, पण क्लब त्याचा नव्हता. क्लबाच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत पाट्या लागतात त्या सभासदांच्या विजयाच्या.

तिसरं कारण आपल्याकडचं आहे. राष्ट्रीय अभिमानाच्या यादीत आपण तेच विजय धरतो जे ‘देशासाठी’ मिळवलेले असतात : ध्वज, राष्ट्रगीत, अधिकृत संघ. जमशेटजीच्या काळी यातलं काहीच नव्हतं. तो खेळला तो पोटासाठी आणि स्वतःच्या नावासाठी. असा विजय कुठल्या कप्प्यात ठेवावा हे आपल्याला उमगलं नाही, म्हणून आपण तो ठेवलाच नाही.

विल्सन जोन्सचं श्रेय यामुळे तसूभरही कमी होत नाही. तो हौशी खेळाडूंचा जगज्जेता होता, आणि स्वतंत्र भारताचा पहिला. पण सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या त्या प्रश्नात ‘स्वतंत्र भारताचा’ हे दोन शब्द घालायला हवेत. ते न घालता विचारलं, तर उत्तर १९०३ पर्यंत मागे जातं. आणि ज्या यादीत ते उत्तर सापडतं, तिचं पहिलं नाव फ्लीटच्या तुरुंगातल्या एका कर्जबाजारी माणसाचं आहे. त्याच्याकडेही ध्वज नव्हता, संघ नव्हता, सभासदत्व नव्हतं. एक भिंत होती, हातात रॅकेट होती, आणि हिंमत असेल त्याने यावं, एवढं म्हणण्याची धमक होती. जमशेटजीला त्या यादीत जागा मिळाली ती याच अटीवर.